२०० तास आणि एक गाय

जून २०१६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी 'व्हीटी' म्हणून रुजू झाले. व्हीटी म्हणजे व्होकेशनल ट्रेनर, सरकारी कागदावर 'व्यवसाय प्रशिक्षक'. शिक्षक नव्हे. शिक्षकांचं मस्टर मुख्याध्यापकांच्या टेबलावर असायचं आणि माझी सही वेगळ्या वहीत, कारण माझा पगार शाळा नाही तर कंत्राट घेतलेली एक संस्था देणार होती. तो कधी यायचा आणि कधी यायचा नाही, यावर वेगळं लिहावं लागेल. इथे नको.

मी स्थापत्यातली डिप्लोमावाली. आधी अडीच वर्षं साइटवर सुपरवायझर होते. ब्रास, गुण्या, ओळंबा ही माझी भाषा. शिकवायचं कसं हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्यात शिकण्यासारखं काय असतं, असाच माझा समज होता. काम येतंय ना? मग झालं की.

पहिल्याच आठवड्यात स्पायरल बाइंडिंग केलेला एक गठ्ठा हातात पडला. नववी-दहावीच्या 'मल्टी स्किल' विषयाचा अभ्यासक्रम, सगळा इंग्रजीत. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा, म्हणजे एनएसक्यूएफ, २७ डिसेंबर २०१३ ला अधिसूचित झाला. त्यात कुठल्याही कामाचे तुकडे पाडून ठेवलेले असतात. आधी जॉब रोल, त्याचा क्वालिफिकेशन पॅक, त्याच्या पोटात एनओएस म्हणजे त्या व्यवसायाची राष्ट्रीय मानकं, आणि प्रत्येक मानकाखाली 'पीसी १, पीसी २' असे कामगिरीचे निकष. शाळेत शिकवता येईल असा त्याचा अभ्यासक्रम भोपाळची पंडित सुंदरलाल शर्मा व्यावसायिक शिक्षण संस्था करते. ती एनसीईआरटीचाच भाग. गठ्ठ्यात पानोपानी तक्ते होते: अध्ययन निष्पत्ती, थिअरी, प्रात्यक्षिक, तास. मला ते वाचून टेंडरची आठवण आली.

आणि टेंडरसारखंच मी ते वाचलं, हे बरं झालं. साइटवर स्पेसिफिकेशन वाचताना नजर क्रियापदावर ठेवायची असते. 'प्लास्टर करणे' आणि 'प्लास्टर करून ७ दिवस पाणी मारणे' यांत बिलाचा फरक पडतो, आणि ते वाक्य नीट न वाचलेला ठेकेदार रडतो. मी पेन्सिलीने क्रियापदांखाली रेघा मारत गेले. ओळखतो. मोजतो. जोडतो. दुरुस्त करतो. नोंदवतो. अंदाजपत्रक काढतो. सुरक्षिततेची साधनं वापरतो. अख्ख्या गठ्ठ्यात 'पाठ करतो' कुठे सापडलं नाही.

विषयाचे चार भाग होते: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन. आमच्या भागात हे नवीन नव्हतं. डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून शिरूर तालुक्यातल्या पाबळला आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे उभा राहिलेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख', म्हणजे आयबीटी, हा विषय अनेक शाळांत आधीपासून चालू होता. मल्टी स्किल त्याच वाटेने आलेला. गावातली जुनी माणसं त्याला अजून 'पाबळचा विषय' म्हणतात.

आता वेळापत्रक. नववीला वर्षाचे २०० तास. घड्याळी तास. शाळेची तासिका ३५ मिनिटांची. म्हणजे ३४३ तासिका. मला आठवड्याला ६ मिळाल्या होत्या. परीक्षा, सहली, गॅदरिंग, निवडणुकीची कामं वजा करून हातात ३६ आठवडे उरतात. ६ गुणिले ३६ म्हणजे २१६ तासिका, म्हणजे १२६ तास. ७४ तास कुठून आणायचे? शिवाय ३५ मिनिटांत कानस हातात देईपर्यंत आणि परत मोजून घेईपर्यंत घंटा होते.

हा हिशोब मी कागदावर मांडून मुख्याध्यापकांकडे गेले. सर इतिहासाचे, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. कागद वाचून हसले. म्हणाले, "बसा. १९३७ ला वर्ध्यात गांधीजींनी नई तालीम मांडली. मग कोठारी आयोग. १९८८-८९ ला अकरावी-बारावीला आपल्याकडे एमसीव्हीसी, म्हणजे किमान कौशल्यांचा व्यवसाय अभ्यासक्रम, आलं, तेव्हा मी नवा होतो, भाषण मीच केलं होतं. दर वेळी विषय येतो, तास येत नाहीत." मग थोडं थांबून विचारलं, "पाबळवाले कसं करतात?"

पाबळवाले आठवड्यातून एक अख्खा दिवस देतात. साडेपाच तासांचा दिवस धरला तर ३६ आठवड्यांचे १९८ तास होतात. मी तेही मांडून नेलं होतं. सरांनी कागद काचेखाली सरकवला आणि म्हणाले, "गणिताच्या सरांना तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

गणिताच्या सरांनी नाही म्हटलं. दहावीचा निकाल कोण बघणार, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता.

दरम्यान दुसराच पेच पडला. अवजारं आली नाहीत. यादी जूनमध्ये गेली, जुलै गेला, ऑगस्ट गेला. वेल्डिंग मशीन, ड्रिल, बेंच व्हाइस, काही नाही. आणि मी काय केलं? फळ्यावर 'वेल्डिंगचे प्रकार' लिहिले. मुलांनी उतरवून घेतले. वेल्डिंग मशीनची आकृती काढून घेतली. पूजाची आकृती इतकी सुंदर होती की मी तिच्या वहीत 'उत्तम' असा शेरा मारला. दिवाळीनंतर खोकी आली. मशीन जोडलं, पहिला आर्क पेटला आणि तीच पूजा दरवाजापर्यंत मागे गेली. काचेच्या मुखवट्यातून बघायचं असतं, ही ओळ तिच्या वहीत तिच्याच अक्षरात होती. मुखवटा मात्र तिने त्या दिवशी पहिल्यांदा हातात धरला.

गठ्ठ्यात 'वापरतो' लिहिलं होतं. मी त्याचं 'सांगतो' करून टाकलं होतं. माझ्या साइटवर एखाद्या मिस्त्रीने असा बदल केला असता तर मी त्याचं बिल अडवलं असतं.

त्यानंतर मी एक गोष्ट ठरवली. अवजार नसेल तो भाग पुढे ढकलायचा आणि अवजार लागत नाही तो आधी घ्यायचा. पशुपालनात जनावराचं वजन टेपने काढायचं प्रात्यक्षिक होतं. त्याला लागते शिंप्याची टेप आणि एक गाय. टेप १० रुपयांत आणली. गाय शाळेच्या कुंपणाला लागूनच होती, जर्सीची क्रॉस, एका आजींची.

आजींना काही पटेना. "गाईला पट्टी लावून काय झंपर शिवायचाय का?" असं म्हणाल्या. पण दावं हातात धरून उभ्या राहिल्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्यायचा आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बाजूला वर आलेल्या हाडापर्यंत लांबी. दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोत.

वाचायला हे दोन ओळींचं आहे. करायला आम्हाला दोन तास लागले. गाय श्वास घेते तसा घेर बदलतो. ती माशी हाकलायला पाय आपटते की टेप घसरते. पहिल्या गटाला घेर ६१ आला, दुसऱ्याला ६२, तिसऱ्याला ६४. चौसष्टवाल्यांनी टेप पोटाकडे तिरकी नेली होती. हे मी सांगितलं नाही, आजींनी सांगितलं. शेवटी घेर ६२ आणि लांबी ५४ धरून वजन ३१५ किलो आलं. संकेत नावाचा मुलगा एरवी मागच्या बाकावर डुलक्या काढायचा. घरी आठ जनावरं, पहाटे धार काढून यायचा. तो म्हणाला, "मॅडम, आमचा डॉक्टर जंताचं औषध देताना वजन विचारतो, बाप अंदाजाने सांगतो." त्याने त्याच संध्याकाळी घरची आठही जनावरं मोजली आणि दुसऱ्या दिवशी वहीत तक्ता करून आणला. तारीख, नाव, घेर, लांबी, वजन. 'नोंदवतो' या क्रियापदाखाली मी रेघ मारली होती, पण त्याचा अर्थ मला तो तक्ता बघून कळला. तोवर नोंदवही म्हणजे तपासणीला दाखवायचं काहीतरी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

६६० का, असं एका मुलीने विचारलं आणि मला सांगता आलं नाही. मी तिला गणिताच्या सरांकडे पाठवलं. मधल्या सुट्टीत सर स्वतः तिची वही घेऊन माझ्याकडे आले. गाईचं धड म्हणजे वृत्तचिती धरायची, म्हणाले. घेर म्हणजे परीघ. परीघावरून घनफळ काढायचं, घनता पाण्याइतकी धरायची, इंचांचे सेंटिमीटर करायचे. सरांच्या हिशोबाने भाजक ७६७ आला होता. "मग पुस्तकात ६६० कसा?" असं स्वतःलाच विचारून तेच म्हणाले, "डोकं, मान, पाय, हे माझ्या वृत्तचितीत कुठे आलेत?" दहावीला महत्त्वमापनाचा धडा आहेच. पुढच्या सोमवारी त्यांनी वर्ग गोठ्यावर नेला. आठवड्यातला अख्खा शुक्रवार माझ्या विषयाला द्यायला त्यांनी नंतर हरकत घेतली नाही, पण परीक्षेच्या आधीचे चार शुक्रवार परत मागून घेतले. मी दिले.

बाकीचं वर्ष भरभर गेलं. शोषखड्डा खणला. शेंगदाण्याची चिक्की केली, पहिला घाणा करपला. पालकांची लेखी परवानगी घेऊन रक्तगट तपासले. मुलांच्या बोटांपेक्षा माझाच हात जास्त थरथरत होता. स्टाफरूममधला एक स्विचबोर्ड मुलींच्या गटाने बदलला आणि तो आजही चालू आहे.

अभ्यासक्रमात एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचे पाच भाग असतात: संवाद, स्वव्यवस्थापन, संगणक, उद्योजकता आणि हरित कौशल्यं. त्यातला वेळेच्या नियोजनाचा धडा शिकवताना मला फार अवघडल्यासारखं झालं. समोर बसलेली अर्धी मुलं पहाटे उठून पाणी भरून, धार काढून, डेअरीत दूध घालून सायकलने आलेली. त्यांना मी 'दिवसाचं वेळापत्रक तयार करा' म्हणत होते. त्यांनी केलं. ते बघून माझं स्वतःचं दाखवायची मला लाज वाटली.

पालकांचा प्रश्न एकच असायचा. "हा विषय घेतला तर सायन्सला जाता येतं ना?" येतं म्हटलं की सह्या व्हायच्या. प्रशिक्षणांत आम्हाला दर वेळी एक स्लाइड दाखवतात. भारतात १९ ते २४ वयाच्या कामगारांत रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले ५ टक्क्यांहून कमी, अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. बाराव्या पंचवार्षिक योजनेतले हे आकडे पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आले. मी ती स्लाइड पालकसभेत एकदाच दाखवली. एक काका म्हणाले, "बाई, जर्मनीत फिटरला काय पगार आहे ते पण दाखवा की." पुढच्या सभेपासून स्लाइड बंद.

दुसऱ्या वर्षी, दहावीच्या फेब्रुवारीत, बाहेरून असेसर, म्हणजे परीक्षक, आले. त्यांच्यावर मला राग काढायचा नाही. त्या दिवशी त्यांची ती तिसरी शाळा होती, जेवण झालेलं नव्हतं आणि मुलं होती ३८. हातात टॅब, भाषा हिंदी. एकेका मुलाला पाच-सात मिनिटं.

पूजाची पाळी आली. त्यांनी विचारलं, हॅकसॉच्या पात्याचे दात कोणत्या दिशेला हवेत? पूजा गप्प. प्रश्न पुन्हा आला. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं, कारण तसा नियम होता. मग तिने टेबलावरची फ्रेम उचलली, पातं काढलं, दात मुठीच्या विरुद्ध दिशेला येतील असं फिरवून बसवलं, पंखाचा नट आवळला, अंगठ्याने ताण बघितला आणि फ्रेम त्यांच्यासमोर ठेवली. बरोबर होतं. असेसर म्हणाले, "बेटा, बोल के बताओ." ती बोलली नाही. त्यांनी टॅबवर काहीतरी दाबलं. काय दाबलं ते मला दिसलं नाही, गुण आल्यावर कळलं.

त्याच दुपारी दुसरा एक मुलगा अर्थिंगवर दीड मिनिट धडाधड बोलला, हिंदीत, हातवारे करत. त्याला पूर्ण गुण. त्याने दोन वर्षांत एकही वायर सोललेली नव्हती. तो गॅदरिंगचा निवेदक होता.

मी रात्री घरी येऊन गठ्ठा काढला. मला खात्री करून घ्यायची होती. निकष बरोबरच लिहिलेले होते, 'जोडतो', 'बसवतो', 'तपासतो'. लिहिणाऱ्याची चूक नव्हती. वाटेत कुठेतरी, भोपाळ आणि आमच्या वर्कशॉपच्या मध्ये, सगळ्या क्रियापदांचं 'सांगतो' झालं होतं. ते करणाऱ्यांत जुलै ते दिवाळीपर्यंतची मीही होते.

निकाल लागला, विषयात कुणी नापास झालं नाही, आणि मग जून २०१८ ला खरा प्रश्न आला. संकेतला पुढे हाच विषय हवा होता. आराखड्यात जिना छान काढलेला होता: नववीला पहिली पायरी, दहावीला दुसरी, अकरावीला तिसरी, बारावीला चौथी. सायकलवरून जाता येईल अशा एकाही कॉलेजात तिसरी पायरी नव्हती. मी चार ठिकाणी फोन केले. एका क्लार्कने प्रामाणिकपणे विचारलं, "मल्टी स्किल म्हणजे एमसीव्हीसीच ना?" संकेत कॉमर्सला गेला. पूजा शेजारच्या तालुक्यातल्या आयटीआयला गेली, वेल्डरला नाही, इलेक्ट्रिशियनला.

त्यानंतर मी दोन शाळा बदलल्या. पद तेच, वही वेगळीच.

मे २०२४ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा खुला करून अभिप्राय मागवले. बातम्यांत सगळी चर्चा भाषाविषयांची आणि मनुस्मृतीतल्या श्लोकाची. व्यवसाय शिक्षणाच्या पानांवर कुणी भांडल्याचं माझ्या कानावर आलं नाही. आदल्या वर्षीच्या राष्ट्रीय आराखड्यात कामाचे तीन प्रकार केले आहेत: सजीवांशी निगडित काम, यंत्रं व साहित्याशी निगडित काम आणि मानवी सेवा. ही विभागणी मला आवडली. गाय, हॅकसॉ आणि रक्तगट, तिन्हींना जागा आहे. मी पुन्हा पेन्सिल घेऊन बसले.

अभिप्राय लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या दिवशी चार पानं झाली: पगार, अवजारं, खोली, शाळेचा वीजभार. दुसऱ्या दिवशी ती फाडली. मसुदा तयार करणाऱ्यांच्या हातात यातलं काही नसतं, हे मला साइटवरच्या अनुभवाने माहीत होतं. आर्किटेक्टकडे मजुरांच्या हजेरीची तक्रार करून उपयोग नसतो. तिसऱ्या दिवशी जे त्यांच्या हातात आहे तेवढंच लिहिलं. निष्पत्तीत जे क्रियापद असेल तेच मूल्यमापनाच्या रकान्यात यावं. 'जोडतो' असेल तर समोर जोडलेली वस्तू असावी, तोंडी उत्तर ऐच्छिक आणि मराठीत. नववी-दहावीला आठवड्यातला एक सलग दिवस आराखड्यातच लिहून टाकावा, शाळेवर सोडू नये. आणि ज्या तालुक्यात दहावीनंतरची पायरी नाही तिथे ती नसल्याचं पालकांना प्रवेशाच्या वेळीच लेखी कळवावं. उदाहरण म्हणून पूजाचं पातं लिहिलं, तिचं नाव न घालता. पाठवलं. स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा एका सरांनी विचारलं, "ह्याचे किती मिळतात?"

गेल्या पावसाळ्यात संकेतचा फोन आला. बी.कॉम. झालं, एका पतसंस्थेत नोकरी करतो आणि घरची जनावरं आता त्याच्याकडे आहेत. चाकणच्या बाजारात उभा होता. मागे गुरांचा हंबरडा, त्यामुळे तो ओरडूनच बोलत होता.

"मॅडम, गाय घ्यायचीय. व्यापारी वजन वाढवून सांगतोय म्हणून मी स्वतः मोजली. तीनदा मोजली, नोंद केली. पण सूत्र चुकतंय. ६६० नेच भागायचं ना?"

"हो. किती आलं?"

"सहा टन."

मापं सांग म्हटलं. घेर १६५, लांबी १४५.

"अरे, टेपची दुसरी बाजू बघ," मी म्हटलं. "तू सेंटिमीटर वाचतोयस."

पलीकडे थोडा वेळ नुसता बाजाराचा आवाज. मग कागदावर पेन चालल्यासारखं वाटलं, आणि तो म्हणाला, "६५ आणि ५७. थांबा मॅडम, फोन ठेवू नका, गुणाकार करतोय."